जॉन विल्यम्स : ‘स्टोनर’च्या आधीचा आणि नंतरचा

तळटीप

‘स्टोनर’ या अमेरिकन कादंबरीबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात एकच सूर असतो : कुणा विसरलेल्या प्राध्यापकाने एक पुस्तक लिहिलं, ते कुणी वाचलं नाही आणि पन्नास वर्षांनी ते अचानक सापडलं. हे अर्धवट आहे आणि लेखकावर अन्याय करणारं आहे. जॉन विल्यम्स विस्मृतीत गेला होता हे खरं. पण तीस वर्षं तो एका विद्यापीठात लेखन शिकवत होता, त्याने एक त्रैमासिक उभं केलं, इंग्रजी प्रबोधनकाळातल्या कवितेचा संग्रह संपादित केला आणि अमेरिकेतला मोठा कादंबरी पुरस्कारही मिळवला. त्याचं गद्य असं का आहे, याचं उत्तर या बाकीच्या कामात आहे. म्हणून हा धागा.

आधी आयुष्याचा सांगाडा.

जन्म २९ ऑगस्ट १९२२, क्लार्क्सव्हिल, ईशान्य टेक्सास. आजी-आजोबा शेतकरी. सावत्र वडील पोस्टाच्या इमारतीत झाडलोट-देखभालीचं काम करत. हा मुलगा गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी नापास होऊन बाहेर पडला. मग रेडिओ केंद्रं आणि वर्तमानपत्रांत नोकऱ्या. १९४२ मध्ये सैन्याच्या हवाई दलात भरती, आणि पुढची अडीच वर्षं सार्जंट म्हणून भारत आणि ब्रह्मदेशात. पहिल्या कादंबरीचा कच्चा खर्डा त्याने याच काळात लिहिला.

युद्धानंतर डेन्व्हर. तिथल्या विद्यापीठात १९४९ ला बीए, १९५० ला एमए. पीएचडी मिझुरी विद्यापीठातून, १९५४. विषय फल्क ग्रेव्हिल, म्हणजे एलिझाबेथच्या दरबारातला कवी-नाटककार. त्याच वर्षी परत डेन्व्हरला नोकरी, वर्षभरात लेखन अभ्यासक्रमाची सूत्रं हातात, आणि १९८५ ला निवृत्ती. मृत्यू ३ मार्च १९९४, फेएटव्हिल, अर्कॅन्सॉ.

कादंबऱ्या चारच : ‘नथिंग बट द नाइट’ (१९४८), ‘बुचर्स क्रॉसिंग’ (१९६०), ‘स्टोनर’ (१९६५), ‘ऑगस्टस’ (१९७२). कवितांची दोन पुस्तकं : ‘द ब्रोकन लँडस्केप’ (१९४९) आणि ‘द नेसेसरी लाय’ (१९६५). पहिल्या आणि दुसऱ्या कादंबरीत बारा वर्षांचं अंतर आहे. माझ्या मते या माणसाची सगळी किल्ली त्या बारा वर्षांत आहे.

---

रानवाटा

चांगला धागा. शोध घेणाऱ्यांसाठी आधी एक सूचना, कारण इथे हमखास घोळ होतो. नुसतं ‘जॉन विल्यम्स’ टाकलं की चित्रपटांना संगीत देणारा संगीतकार समोर येतो. ‘कादंबरीकार’ जोडलं तर जॉन ए. विल्यम्स येतो. तो वेगळा, कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार, त्याच पिढीतला. आपल्याला हवा तो जॉन एडवर्ड विल्यम्स. मधलं नाव टाकून किंवा कादंबरीचं नाव जोडूनच शोधा.

कुठली आवृत्ती घ्यावी? न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्स क्लासिक्सने ‘स्टोनर’ २००६ मध्ये काढली, ‘बुचर्स क्रॉसिंग’ २००७ मध्ये, ‘ऑगस्टस’ २०१४ मध्ये. ब्रिटिश आवृत्ती व्हिंटेजची, २००३ पासूनची. दोन्हीकडच्या ‘स्टोनर’ला जॉन मॅकगाहर्न या आयरिश कादंबरीकाराची प्रस्तावना आहे. ती आधी वाचू नका, तिच्यात कथानक बरंच उघडं पडतं. तिन्ही एकत्र हव्या असतील तर लायब्ररी ऑफ अमेरिकाचा एक खंड आहे, डॅनियल मेंडेलसन यांनी संपादित केलेला. त्यात पहिली कादंबरी नाही. लेखकाला स्वतःलाच पुढे ती आवडेनाशी झाली होती, त्यामुळे काही बिघडत नाही.

---

मृगजळ

त्या बारा वर्षांत काय झालं? नुसतं शिकवत होता म्हणून वेळ मिळाला नाही, की आणखी काही?

---

तळटीप

मृगजळ, वेळेपेक्षा कान बदलला. पहिली कादंबरी वाचली की लगेच कळतं : दाट, मनोविश्लेषणाच्या अंगाने जाणारी, प्रत्येक वाक्यावर विशेषणांचं ओझं. एका तरुणाच्या एका दिवसाची गोष्ट, पण लेखक सतत वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो की बघ, हे किती भयंकर आहे. ती डेन्व्हरच्या अॅलन स्वॉलोने आपल्या छोट्या प्रकाशनातून छापली.

मग पीएचडीसाठी तो ग्रेव्हिलकडे वळला, आणि ग्रेव्हिलबरोबर एका जुन्या वादाकडे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी भावकवितेत दोन धारा होत्या. एक इटालियन कवी पेत्रार्कच्या वळणाची : अलंकार, गोडवा, प्रेयसीच्या डोळ्यांना सूर्याची उपमा. दुसरी साधी शैली : थेट विधान, रोजचे शब्द, आणि विचाराच्या बांधणीतून येणारा ताण. गॅस्कॉइन, रॅली, ग्रेव्हिल, बेन जॉन्सन हे दुसऱ्या धारेतले. स्टॅनफर्डमधल्या आयव्हर विंटर्स या कवी-समीक्षकाने १९३९ मध्ये ही मांडणी जोरकसपणे केली होती : आपण ज्यांना मोठे मानतो ते पहिल्या धारेतले, पण खरं वजन दुसऱ्या धारेत आहे.

विल्यम्सने हे मनापासून स्वीकारलं. १९६३ मध्ये त्याने संपादित केलेला प्रबोधनकालीन कवितेचा संग्रह आला, त्याची प्रस्तावना याच विभागणीवर उभी आहे. आता ‘स्टोनर’चा पहिला परिच्छेद उघडा. हा माणूस १९१० मध्ये मिझुरी विद्यापीठात आला, पीएचडी झाला, १९५६ मध्ये मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला, सहायक प्राध्यापकाच्या वर कधी गेला नाही, फार थोड्या विद्यार्थ्यांना तो लक्षात राहिला. एकही उपमा नाही. कादंबरीचा शेवट पहिल्या पानावर देऊन टाकलाय, म्हणजे ‘पुढे काय होणार’ हा आधार लेखकाने स्वतःच काढून घेतला. उरतं फक्त वाक्य, आणि ते वाक्य पावणेतीनशे पानं टिकतं. ग्रेव्हिल वाचलेल्या माणसालाच हे धाडस सुचू शकतं असं मला वाटतं.

---

पैलतीर

त्या संग्रहाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. विंटर्सला तो पाहून राग आला. मांडणी आपली, निवडही बरीच आपल्याच वळणाची, आणि ऋणनिर्देश नाही, अशी त्याची तक्रार होती. शेवटी पुस्तकात तसा निर्देश घालावा लागला. विल्यम्सच्या कारकिर्दीतला हा खरा डाग आहे, तो झाकू नये. वर्गात एखादी मांडणी वर्षानुवर्षं शिकवली की ती आपलीच वाटू लागते, आणि छापताना मूळ मालकाचं नाव सुटतं. शिकवणाऱ्या माणसाकडून अशी चूक होण्याची वाट ही.

---

कळसूत्र

‘सहायक प्राध्यापकाच्या वर कधी गेला नाही’ हे वाक्य आपल्याकडचे वाचक हमखास चुकीचं वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

तिकडची उतरंड : इन्स्ट्रक्टर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर. आपल्याकडे सहाव्या वेतन आयोगापर्यंत लेक्चरर, रीडर, प्रोफेसर असं होतं. नंतर नावं तिकडच्यासारखी झाली, पण अर्थ तंतोतंत जुळत नाहीत. मुख्य फरक ‘टेन्युअर’चा, म्हणजे नोकरीच्या कायमपणाचा. तिकडच्या प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनानुसार चाचणीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा. त्या मुदतीत कायम करायचं, नाहीतर सोडायचं. आज बहुतेक ठिकाणी कायमपणा आणि असोसिएट ही बढती एकदमच मिळते. स्टोनरच्या काळात तसं नव्हतं. प्रबंध सुधारून त्याचं पुस्तक निघतं, आणि त्याला असिस्टंट प्रोफेसरपद व कायमपणा एकत्र मिळतो.

कादंबरीतला सगळा ताण या एका तपशिलावर आहे. विभागप्रमुख लोमॅक्स त्याला काढू शकत नाही, कारण तो कायम आहे. पण बढती रोखू शकतो, आणि वेळापत्रक तर पूर्ण त्याच्या हातात. म्हणून तो तेच हत्यार वापरतो : पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाचे तास देतो, तेही दिवसभर विखरून, म्हणजे मधला वेळ कुठल्याच कामाचा राहत नाही. निबंधलेखन हा तिथला सक्तीचा विषय, त्यात दर आठवड्याला वह्यांचा ढीग. संशोधन करणाऱ्या माणसाला संपवायचं असेल तर आरडाओरड लागत नाही, एवढं पुरतं.

आणि स्टोनरचं उत्तरही कार्यालयीनच. तो पहिल्या वर्षाच्या मुलांना आपला मध्ययुगीन साहित्याचा वरचा अभ्यासक्रम शिकवायला लागतो. तक्रारी जातात, पण कायम प्राध्यापकाने वर्गात काय शिकवावं यात प्रमुखाला सहज हात घालता येत नाही. अखेर त्याला जुने तास परत मिळतात. नियमाने बांधलेल्या जागेत माणसं कशी लढतात याचं इतकं अचूक चित्र मी दुसऱ्या कादंबरीत पाहिलेलं नाही.

---

मृगजळ

कळसूत्र, हे वाचून लोमॅक्सचं वैर जिथून सुरू होतं ते त्याच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या, वॉकरच्या, तोंडी परीक्षेचं प्रकरण आता वेगळं दिसतंय. स्टोनर तिथे जरा जास्तच कठोर वागतो असं वाटलं होतं.

---

कळसूत्र

ती पीएचडीची पूर्वपरीक्षा आहे. प्रबंधाला हात घालण्याआधी उमेदवाराला विषयाची सर्वसाधारण जाण आहे का, एवढंच समितीने पाहायचं. लोमॅक्स सुरुवातीला वॉकरला त्याच्याच विषयावर बोलतं ठेवतो आणि प्रश्न विचारता विचारता उत्तराचा अर्धा भाग स्वतःच पुरवतो. मग स्टोनरची पाळी येते, आणि तो अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो, पदवीच्या मुलालाही यावेत असे. वॉकरला एकही येत नाही. कठोरपणा प्रश्नांत नाही, ते सोपे आहेत यात आहे. हा माणूस पास झाला तर उद्या वर्गात उभा राहणार, हे स्टोनरला दिसतं. त्याआधी सेमिनारमध्ये वॉकरने काय केलं तेही आठवा : स्वतःचा निबंध तयार नाही, म्हणून सेमिनारला बसणाऱ्या कॅथरिन ड्रिस्कॉलने वाचलेल्या निबंधावर ऐन वेळी रचलेला हल्ला. लेखकाने तो पुरावा आधीच मांडून ठेवलाय.

---

सांजवेळ

स्टोनर म्हणजेच विल्यम्स, असं मात्र धरू नका. स्टोनर १८९१ चा, लेखक १९२२ चा. स्टोनर एकाच विद्यापीठात राहिला आणि एकच पुस्तक लिहून थांबला. विल्यम्सने चार लग्नं केली, त्रैमासिक चालवलं, पुरस्कार घेतला. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने मिझुरीतल्या जुन्या सहकाऱ्यांना अर्पणपत्रिका लिहून स्पष्ट केलंय की हे सगळं काल्पनिक आहे. स्टोनरच्या गावाचं नावही हलकं बदललंय. खरं बूनव्हिल वेगळ्या स्पेलिंगचं, आणि कादंबरीत ते विद्यापीठाच्या कोलंबिया गावापासून चाळीस मैल आहे, प्रत्यक्षात बरंच जवळ. विद्यापीठातले मोकळे उभे खांब मात्र खरेच. १८९२ च्या आगीत मुख्य इमारत जळाली आणि तेवढे सहा खांब उरले. ते आजही आहेत.

आणि ‘दुःखी माणसाची कहाणी’ हे लेबल लेखकाला मान्य नव्हतं. १९८५ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं की स्टोनर त्याच्या दृष्टीने खरा नायक आहे आणि त्याचं आयुष्य चांगलंच गेलं, कारण त्याला जे करायचं होतं ते तो करत होता, त्यात त्याला रस होता, आणि त्या कामाचं मोल त्याला कळत होतं.

---

रानवाटा

विक्रीचा मुद्दा. वायकिंगने १९६५ मध्ये छापलेल्या ‘स्टोनर’च्या दोन हजारांहून कमी प्रती खपल्या आणि वर्षभरात पुस्तक छपाईतून गेलं. त्याआधी त्याची एजंट मेरी रोडेल हिने विक्रीची फार आशा ठेवू नकोस असं कळवलं होतं. त्याने १९६३ मध्ये दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे : खपाबद्दल भ्रम नाही, पण कादंबरी चांगली आहे याची खात्री आहे, आणि कालांतराने ती कदाचित बरीच चांगली मानली जाईल.

पुन्हा वर येण्याचा क्रम साधारण असा : २००३ ब्रिटन, २००६ न्यूयॉर्क, २०११ मध्ये आना गाव्हाल्दा या लोकप्रिय कादंबरीकर्तीने केलेलं फ्रेंच भाषांतर, मग युरोपभर लाट, २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये खपाच्या यादीत अग्रस्थान आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वॉटरस्टोन्स या पुस्तकदुकानांच्या साखळीचा वर्षातल्या पुस्तकाचा मान. म्हणजे चमत्कार वगैरे झाला नाही. छपाईत ठेवणारा प्रकाशक, पुस्तक हातात देणारे दुकानदार आणि नाव असलेला भाषांतरकार, हे तिन्ही एकापाठोपाठ मिळायला दहा वर्षं लागली.

‘बुचर्स क्रॉसिंग’चं वेगळंच झालं. ती ‘वेस्टर्न’ म्हणून विकली आणि जोखली गेली, त्यामुळे बंदुकबाजीची अपेक्षा असलेल्यांच्या हाती पडली आणि ज्यांनी वाचायला हवी होती त्यांनी उचललीच नाही.

---

पैलतीर

ती माझी सर्वांत आवडती, म्हणून थोडं जास्त लिहितो.

१८७० चं दशक, कॅन्ससमधलं एक टोकाचं गाव. विल अँड्र्यूज हार्वर्ड सोडून येतो, निसर्गात काहीतरी पवित्र शोधायला. मिलर या शिकाऱ्याला कोलोरॅडोच्या डोंगरातली एक लपलेली दरी माहीत आहे, तिथे बायसनचा मोठा कळप आहे. चौघं निघतात : मिलर, अँड्र्यूज, एका हाताचा चार्ली होग गाडी हाकायला, आणि श्नायडर कातडी सोलायला.

कामाचा तपशील बघा. शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतणं, काडतुसं भरणं, लांडग्यांसाठी मेलेल्या जनावरात स्ट्रिकनीन हे विष घालणं. शिकारीचं तंत्र असं, की आधी कळपाचं नेतृत्व करणारं जनावर टिपायचं, तेही फुफ्फुसात, म्हणजे ते उधळत नाही, उभ्याउभ्या खचतं. बाकीचा कळप त्याच्याभोवती गोंधळून घुटमळतो, आणि मग बसल्या जागेवरून एकेक टिपता येतं. जो पुढे होऊ पाहील तो पुढचा. नळी तापली की नेम बिघडतो, म्हणून ती थंड ठेवावी लागते. विल्यम्स हे सगळं एखाद्या कामाच्या सूचना द्याव्यात तसं सांगतो, आणि म्हणूनच कत्तल अंगावर येते. भयंकर, क्रूर, अमानुष यांपैकी एकाही शब्दाची त्याला गरज पडत नाही. तळटीप म्हणतात ती साधी शैली हीच, फक्त कवितेतून रक्तामांसात आलेली.

मिलर थांबत नाही, हिमवृष्टी वाट अडवते, हिवाळा दरीतच काढावा लागतो. वसंतात गाडीत मावतील तेवढी कातडी घेऊन निघतात, ती कातडी नदी ओलांडताना वाहून जातात, आणि गावात पोचावं तर कातड्यांचा बाजारच कोसळलेला. मागे दरीत ठेवलेला हजारो कातड्यांचा ढीगही कवडीमोल झालेला.

---

सांजवेळ

पहिल्या रोमन सम्राटावरच्या ‘ऑगस्टस’बद्दल कुणी बोलणार का? १९७३ चा नॅशनल बुक अवॉर्ड तिला मिळाला, जॉन बार्थच्या ‘कायमेरा’सोबत विभागून. या पुरस्काराच्या कादंबरी विभागात अशी विभागणी पहिल्यांदाच झाली. एका बाजूला कथनाच्या कसरती करणारा बार्थ, दुसऱ्या बाजूला विल्यम्स. परीक्षकांना एकमत करता आलं नाही, यावरून तेव्हाची अमेरिकन कादंबरी कुठे उभी होती तेही कळतं.

सगळी कादंबरी पत्रं, आठवणी, रोजनिश्या, फर्मानं यांतून. जवळजवळ सगळे दस्तऐवज लेखकाने रचलेले. पहिल्या भागात सत्ता मिळवण्याचा काळ, दुसऱ्यात पांडातेरिया बेटावर हद्दपार झालेली मुलगी जूलिया हिची रोजनिशी. स्वतः ऑगस्टस तिसऱ्या भागापर्यंत बोलतच नाही. मग मरणाच्या काही दिवस आधीचं त्याचं एकच लांब पत्र. आणि शेवटी त्याच्या वैद्याचं तत्त्वज्ञ सेनेकाला चाळीस वर्षांनंतरचं पत्र, त्यात नव्या तरुण सम्राटाबद्दल मोठी आशा व्यक्त केलेली. तो सम्राट नीरो.

पहिल्यांदा वाचणारे इथे नावांत अडकतात, एकाच माणसाची दोन-तीन नावं असतात. ऑक्टेव्हियस, सीझर आणि ऑगस्टस हा एकच माणूस, एवढं आधी पक्कं करा. मिसेनस, अग्रिप्पा आणि साल्व्हिडिएनस हे तीन मित्र कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक पत्राच्या डोक्यावरचं साल चुकवू नका, कारण कागद काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत.

---

अनुस्वार

‘स्टोनर’चं मराठी भाषांतर कुणी करायला घेतलं तर कुठे अडेल, यावर मला लिहायचं आहे.

पहिला प्रश्न ‘तो’ की ‘ते’. विद्यार्थी असेपर्यंत ‘तो’ आणि प्राध्यापक झाल्यावर ‘ते’, असा मोह होईल. करू नये. निवेदक त्याला शेवटपर्यंत एकाच अंतरावरून पाहतो, आदरार्थी बहुवचन आलं की ते अंतर मोडतं. संवादात मात्र त्याचा प्राध्यापक स्लोन विद्यार्थ्याला ‘मिस्टर स्टोनर’ म्हणतो, तिथे ‘तुम्ही’च हवं. आपल्याकडे गुरुजी विद्यार्थ्याला ‘तू’ म्हणतील, पण त्या वर्गातली थंड औपचारिकता ‘तुम्ही’नेच येईल. नवरा-बायकोत ‘तू’. ईडिथ त्याला ‘विली’ म्हणते ते तसंच राहू द्यावं.

दुसरं, वाक्याची चाल. विल्यम्स लहान क्रिया ‘आणि’ने जोडत जातो. मराठीत आपण लगेच ‘उठून, जाऊन, बसून’ असं साखळीत बांधतो आणि सगळं वजन शेवटच्या क्रियापदावर टाकतो. त्याने मूळची सम चाल जाते. क्रियापदं पूर्ण ठेवावीत : उठला, खिडकीशी गेला, उभा राहिला. आणि संस्कृतप्रचुर शब्द टाळावेत, ‘विषण्णता’ आली की साधी शैली संपली.

तिसरं आणि सर्वांत कठीण, शेक्सपियरचं ७३ वं सुनीत. स्लोन ते वर्गात म्हणतो, स्टोनरला अर्थ विचारतो, तीनशे वर्षांपलीकडून शेक्सपियर तुमच्याशी बोलतोय, ऐकू येतंय का असं विचारतो, आणि स्टोनर ‘याचा अर्थ’ एवढं म्हणून थांबतो. शेतीचा विद्यार्थी साहित्याकडे वळतो तो या क्षणी, त्यामुळे ते सुनीत मराठीत उभं राहिलंच पाहिजे. त्यात तीन प्रतिमा आहेत : पानगळ, संधिप्रकाश, विझत आलेला विस्तव. प्रत्येक वेळी उरलेला अवधी कमी होतो, ऋतू, मग संध्याकाळ, मग निखारा. हा उतार सांभाळायचा.

अडचण पहिल्याच प्रतिमेत. तिथला ‘ऑटम’ म्हणजे आपला शरद नव्हे. शरद म्हटलं की निरभ्र आकाश आणि कोजागरी आठवते. पानगळ आपल्याकडे शिशिरात, आणि तिच्या पाठोपाठ पालवी. म्हणजे म्हातारपणाचा भाव शब्दातच विरतो. ऋतूचं नाव न घेता ‘पिवळी पानं, किंवा एकही नाही, किंवा दोन-चार’ हे चित्र आणि थंडीने थरथरणाऱ्या फांद्या एवढंच द्यावं. पुढे उजाड ‘क्वायर’ येतात, म्हणजे चर्चमधली गायकांची जागा, आणि मागे आठव्या हेन्रीने मोडलेल्या मठांची आठवण. ‘ओस पडलेले भजनमंडप’ म्हटलं तर गाणं येतं पण देऊळही येतं. मी ‘गाणं थांबलेले पडके मंडप’कडे झुकतो.

छंदाचं म्हणाल तर केशवसुतांपासून सुनीताला शार्दूलविक्रीडिताची सवय आहे, पण ते वृत्त इथे फार भारदस्त होईल. वर्गात एक थकलेला मास्तर मोठ्याने म्हणतोय, हे लक्षात ठेवून मुक्त पण मोजक्या ओळी बऱ्या.

---

तळटीप

अनुस्वार, शरद-शिशिराचा मुद्दा फार मोलाचा. ‘भजन’ हा शब्द मलाही खटकतो, ‘गाणं थांबलेले’ चांगलं आहे.

---

मृगजळ

शेवटचं विचारते. ‘ऑगस्टस’नंतर बावीस वर्षं तो जिवंत होता. त्यात काही लिहिलं नाही?

---

पैलतीर

लिहीत होता. ‘द स्लीप ऑफ रीझन’ नावाची पाचवी कादंबरी, तिचे काही भाग नियतकालिकांतून छापून आले, पण ती पूर्ण झाली नाही. दारू आणि सिगारेटने तब्येत पोखरली होती, शेवट श्वसन बंद पडून झाला. त्याची कागदपत्रं फेएटव्हिलला अर्कॅन्सॉ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. चरित्र हवं असेल तर चार्ल्स शील्ड्सचं, २०१८ चं. वाचायचा क्रम विचाराल तर आधी ‘स्टोनर’, मग ‘बुचर्स क्रॉसिंग’, मग ‘ऑगस्टस’, आणि त्यानंतरच चरित्र.